तो घरी आला ना?

मृग निघायला चार दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला सातपुड्याकडून आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासात आमची केळीची बाग आडवी झाली. चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आमचं शेत आहे. घड भरलेले होते, कापणीला जेमतेम वीस दिवस राहिले होते. बांबूचे टेकू लावलेले होते, बांधाला शेवरी दाट होती. करायचं ते सगळं वडिलांनी केलेलं होतं. पाऊस थांबल्यावर ते बागेत शिरले, मी मागे. मोडलेल्या एकेका खोडाला हात लावत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि दुसऱ्या ओळीत शिरले. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांचा हात पडत होता. केळीच्या पाण्याचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, म्हणून बागेत जाताना ते नेहमी जुना सदरा घालायचे. त्या दिवशी अंगावर बाहेरगावी जायचा पांढरा सदरा होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

पुढचे तीन-चार दिवस माणसं येत राहिली. कोणी म्हणालं प्रारब्ध, कोणी म्हणालं साडेसाती, एका नातेवाइकाने सप्तशृंगीचा राहिलेला नवस आठवून दिला. सगळी आपलीच माणसं, मनात खोट कोणाच्याच नव्हती. पण एकेक जण उठून गेला की वडील आणखी गप्प होत. चौथ्या रात्री ओट्यावर बसलेले असताना त्यांनी मला विचारलं, "भाऊ, माझं काय चुकलं असेल रे?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. मला उत्तर देता आलं नाही. पुढे ते थोडंफार सापडलं, आणि सापडलं ते गोष्टींच्या पुस्तकांत. उघड्या निसर्गासमोर एकटा सापडलेला माणूस, एवढाच ज्यांचा विषय आहे अशा गोष्टींत. जळगाव-धुळ्याच्या माझ्या माणसांनो, या गोष्टी वाचा, घरात वाचून दाखवा, असं तुम्हाला हात जोडून सांगण्यासाठी मी आज लिहायला बसलो आहे.

या गोष्टींना जोडून एक जड शब्द येतो, अस्तित्ववाद. शब्दाला घाबरू नका, आतली गोष्ट बांधावरची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फ्रान्समध्ये सार्त्र, काम्यू या लेखकांनी ती ठासून मांडली. माणूस आधी जन्माला येतो. त्याच्या जगण्याचा अर्थ कपाळावर लिहून आलेला नसतो, तो त्याला स्वतःच्या करण्यातून घडवावा लागतो. आणि आपण कितीही टाहो फोडला तरी आभाळ उत्तर देत नाही, कारण आभाळाला आपण ठाऊकच नसतो. काम्यूने १९४२ साली सिसिफसच्या ग्रीक कथेवर एक पुस्तक लिहिलं. सिसिफसला शिक्षा अशी, की धोंडा डोंगरावर चढवायचा, तो खाली गडगडत येणार, पुन्हा चढवायचा, आणि याला शेवट नाही. त्या पुस्तकाची सुरुवातच काम्यू या प्रश्नाने करतो, की असं असेल तर माणसाने जगावं तरी का? आणि पुस्तकभर विचार करून तो जगण्याच्या बाजूने उभा राहतो. लागवड, निंदणी, खत, पाणी, वादळ आणि पुन्हा लागवड, असं ज्याचं वर्ष फिरतं त्याला हा धोंडा समजावून सांगायची गरज नाही.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचं काही चुकलं नव्हतं. वाऱ्याला तुम्ही माहीतच नव्हता. तो तुम्हाला शिक्षा द्यायला आला नव्हता, परीक्षा घ्यायला आला नव्हता, नवस मागायलाही नाही. पहिल्यांदा ऐकताना हे फार कोरडं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण ज्याने रात्र रात्र जागून स्वतःच्या हातून घडलेलं पाप शोधलं आहे त्याला विचारा, या कोरडेपणात केवढा मोकळा श्वास आहे.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. अर्नेस्ट हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ साली आली आणि पु. ल. देशपांडे यांनी ती १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. नाव किती सुंदर आहे पाहा. कोळी म्हणजे मासे धरणारा, आणि कोळी म्हणजे तुटलेलं जाळं पुन्हा विणणारा किडाही. पुस्तक छोटं आहे, दोन संध्याकाळींत संपतं. क्युबातला सांतियागो नावाचा म्हातारा. चौऱ्याऐंशी दिवस झाले, गळाला मासा नाही. त्याच्याबरोबर जाणाऱ्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर पाठवलंय, कारण म्हातारा कमनशिबी ठरला. पंच्याऐंशीव्या दिवशी तो एकटाच खोल समुद्रात जातो. होडीपेक्षा लांब मासा गळाला लागतो, दोन दिवस दोन रात्री त्याला ओढत नेतो, शेवटी मरतो. परतीच्या वाटेवर शार्क येतात आणि लचके तोडत राहतात. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा.

हे पुस्तक मी आमच्या शेजारच्या नानांना वाचून दाखवलं होतं. वादळानंतर ज्यांनी तोंडातून शब्द काढला नाही असे हे एकच गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन आले आणि पडलेली खोडं कापून बांधावर ओढायला लागले. वडील थोडा वेळ बघत राहिले, मग तेही उठले. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी, शाळा चौथीपर्यंत. ऐकताना त्यांचे प्रश्न कामाचे होते. दोर केवढा? हात कापला तर बांधलं कशाने? प्यायला पाणी होतं का? शार्क आले तेव्हा ते उठून उभे राहिले. मी सांगाड्यापर्यंत वाचलं आणि थांबलो. मला वाटलं आता म्हणतील, गेलं सगळं. त्यांनी विचारलं, "घर उना ना तो?"

हो म्हटलं, घरी आला. झोपडीत जाऊन झोपलाय.

"मंग बस," नाना म्हणाले आणि विडी पेटवली.

मी या पुस्तकाबद्दल पुढे बरंच वाचलं. त्या दोन शब्दांच्या जवळपास जाणारं फार थोडं सापडलं. मासा गेला, माणूस घरी आला. आपल्याकडे हिशेब उलटा मांडतात. पंचनाम्याच्या कागदावर किती हेक्टर, किती खोडं, किती टक्के नुकसान, सगळं येतं. तेही यायलाच हवं, त्यातला एकही रकाना सोडू नका. पण बागेतून माणूस घरी आला का, आल्यावर जेवला का, यासाठी त्या कागदावर जागा नसते. ती जागा आपल्याला आपल्या डोळ्यांत ठेवावी लागेल.

या म्हाताऱ्याकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. तो समुद्राला दोष देत नाही, शार्कनाही देत नाही. मी फार लांब गेलो, एवढंच तो स्वतःशी कबूल करतो. म्हणजे समुद्राचं काय आणि आपलं काय, हे त्याने निवडून वेगळं ठेवलंय. ऐपतीबाहेर कर्ज काढलं असेल, सगळं रान एकाच पिकाखाली आणलं असेल, विमा राहून गेला असेल, तर तो आपला निर्णय. त्याची जबाबदारी घ्यायची आणि पुढच्या वर्षी तो बदलायचा. पण वादळ, गारपीट, मे महिन्यात झळांनी सटकणारे घड, हे आपलं कर्म नव्हे. हे दोन ढीग वेगळे करा. एकत्र राहिले की माणूस त्याखाली दबतो.

दुसरी गोष्ट आहे जॅक लंडनची, 'टू बिल्ड अ फायर', १९०८ सालची. उत्तरेकडच्या युकॉनच्या बर्फातून एक माणूस एकटाच निघालाय, सोबत फक्त कुत्रा. माणसाला लेखकाने नावही दिलेलं नाही. त्या भागातल्या एका अनुभवी म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, की उणे पन्नास फॅरनहाइटच्या खाली पारा गेला की एकट्याने वाट चालू नये. याने ते हसण्यावारी नेलं. पाय पाण्यात भिजतो, तो शेकोटी पेटवतो, वरच्या झाडाच्या फांद्यांवरचं बर्फ पडून शेकोटी विझते. मग काड्या धरायला बोटं उरत नाहीत. शेवटी तो बर्फात बसून राहतो आणि कुत्रा माणसांच्या तळाच्या दिशेने निघून जातो.

उणे पन्नास फॅरनहाइट म्हणजे आपल्या मापात साधारण उणे पंचेचाळीस. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा अधिक पंचेचाळीसच्या पुढे जातो. आकडा तोच, फक्त चिन्ह बदललंय. म्हणून त्या म्हाताऱ्याचा सल्ला मला आपल्या गावच्या म्हाताऱ्याचा वाटतो. दुपारी बारानंतर एकट्याने रानात थांबू नका. लाइटीची पाळी रात्रीची असेल तर पाणी भरायला एकट्याने जाऊ नका. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, तेव्हा सांज पडली की वाटा ओस पडत होत्या. त्या दिवसांत माणसं चौघंचौघं मिळून रानात जायला लागली, ते भीतीने झालं. मी म्हणतो, भीती नसतानाही ती सवय ठेवा.

आपल्या मराठीतही असा एकटा सापडलेला माणूस आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत येतो, रुळतो, आणि दुष्काळात वाडी डोळ्यांदेखत ओस पडते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'तला (१९७१) नारबा हा सालगडी. त्याला आगापिछा नाही, मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर येतो तेव्हा एकेक जनावर दावणीवरून जातं. जी. ए. कुलकर्णींच्या कथांत माणूस नियतीपुढे उभा असतो आणि ती नजर फार काळोखी आहे. मन थाऱ्यावर नसताना जी. ए. वाचू नका, बरे दिवस असताना वाचा.

आणि आपला खानदेश? १९६३ साली 'कोसला' आली, तेव्हा तिची चर्चा अस्तित्ववादी कादंबरी म्हणून झाली. लिहिणारे भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, वय अवघं पंचवीस. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो आणि हात हलवत गावी परततो. दरम्यान त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. त्या मरणाला पांडुरंग कुठलाही अर्थ चिकटवू देत नाही. देवाची इच्छा, सुटली बिचारी, असली मलमपट्टी त्याला चालत नाही. ज्यांच्या घरात लेकरू गेलंय त्यांनी ही पानं जपून वाचावीत, पण वाचावीत. दुःखाला खोटं नाव न देता त्याच्याजवळ बसता येतं, हे तिथे दिसतं.

पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्म, लहानपणी लग्न, तिशीत वैधव्य. अक्षरओळख नाही. जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव यांनी व घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून ते उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक निघालं. त्यांची एक कविता ज्योतिषाला उद्देशून आहे. तरुण विधवा बाई, पदरात लेकरं, दारात हात बघणारा आलाय, आणि ती त्याला सांगते की माझ्या दारी येऊ नको, माझं दैव मला कळलंय. मोठमोठ्या ग्रंथांतून जे सांगितलं गेलं ते या बाईने दारात उभं राहून एका माणसाला सांगितलं. नियतीचा धाक तिने झुगारला. तेवढ्याने शेत नांगरलं जात नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती पुन्हा शेतात गेली. पण मान वर करून गेली.

धरणगावचे बालकवीही आपलेच. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात पोरवयातल्या त्र्यंबक ठोंबऱ्याला बालकवी हे नाव मिळालं. निसर्गावर इतक्या आनंदाने लिहिणारा दुसरा कवी मराठीत शोधून सापडणार नाही, आणि त्याच माणसाच्या कवितेत उदासीचा डोहही आहे. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, अठ्ठावीसही पुरे झाले नव्हते. हसणारा माणूस आतून बराच आहे असं धरून चालू नये, हे मला त्याच्या कविता वाचताना दर वेळी वाटतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, विशेषतः कॉलेजातल्या पोरांचा. या गोष्टी वाचून एकटेपणाचं वेड लागतं. मी एकटा, जग माझ्याविरुद्ध, कुणाची गरज नाही, असा एक रुबाब अंगात येतो. माझ्याही आला होता, दोन वर्षं गेली त्यात. पोरांनो, नीट वाचा. सांतियागो भर समुद्रात कितीदा म्हणतो की तो पोरगा आत्ता इथे हवा होता! आणि तो परतल्यावर रडतं कोण? म्हाताऱ्याचे सोललेले हात पाहून तोच पोरगा. कॉफी आणायला धावतो तोही तोच. युकॉनमधला माणूस मेला तो थंडीने, हे खरंच, पण सोबतीने जा हा सल्ला त्याने मोडला होता. नारबाला माणसं मिळाली नाहीत तर त्याने बैलांत गोत शोधलं. या पुस्तकांतल्या एकट्या माणसांपैकी आनंदाने एकटा असलेला मला कोणी आठवत नाही. ते एकटे सापडलेले आहेत.

तेव्हा कोणाच्या शेतात नुकसान झालं की काय करायचं, ते नानांकडून शिका. पहिल्या दिवशी कारणं सांगायला जाऊ नका. प्रारब्ध नको, ग्रह नको, 'तुम्ही तेव्हाच विकून टाकायला हवं होतं' हेही नको. कोयता घेऊन जा, नाहीतर जेवणाचा डबा घेऊन जा. काहीच नसेल तर ओट्यावर बसा. मग पंधरा दिवसांनी पुन्हा जा, कारण गर्दी पहिल्या आठवड्यात असते आणि अंधार त्यानंतर पडतो. माणूस जेवत नसेल, रात्रभर जागत असेल, उगाच देण्याघेण्याची निरवानिरव करू लागला असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे, १४४१६. रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि हे वाचणारा तो माणूस तुम्हीच असाल तर आजच लावा, उद्यावर टाकू नका. बोलायला संकोच वाटत असेल तर हे आठवा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या गीतेचा पहिला अध्याय आहे अर्जुनाच्या विषादाचा, आणि त्यालाही योग म्हटलं आहे. एवढा मोठा योद्धा धनुष्य खाली ठेवून, हातपाय गळाले म्हणून सांगतो आणि पुढचे सतरा अध्याय त्याच्याशी कोणीतरी बोलत राहतं. तुम्ही सांगितलंत तर कमीपणा कसला?

पुस्तकं मिळतात. जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय. तालुक्यालाही वाचनालय असतंच, फक्त कपाट उघडायला सांगावं लागतं. शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. 'एका कोळियाने'वर टिपा लिहायला सांगू नका. वर्गात सलग वाचून दाखवा आणि पोरांना विचारा, तुमच्या घरी असं कधी झालं होतं का? मग मात्र ऐकायला वेळ ठेवा.

आखाजी येते ती ऐन उन्हात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घागर पुजून आणि सांजोऱ्या खाऊन झाल्यावर दुपारी अख्खं घर ओसरीवर पडलेलं असतं. त्या दुपारी टीव्ही बंद करा आणि घरात ज्याचा आवाज चांगला आहे त्याच्या हातात पुस्तक द्या. मागच्या आखाजीला आमच्याकडे माझ्या भाचीने वाचलं. वडील आता थकलेत, ऐकू कमी येतं, म्हणून ती अगदी त्यांच्या खाटेला टेकून बसली होती. शार्क आले तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "नानांना बोलाव." नाना आले, खाली घोंगडी टाकून बसले, आणि भाचीने ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.